धर्मोपदेशकाची घडण (गोवा)

गोव्यातील कॅथलिक चर्चमध्ये पाद्री होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना दिले जाणारे दीर्घ शिक्षण आणि त्यानंतर त्यांनी शेरमांव (प्रवचन), दोत्रीन (धर्मशिक्षण) व संस्कार यांच्याद्वारे आयुष्यभर करावयाची सेवा. या परंपरेला जवळजवळ पाच शतकांचा इतिहास आहे. श्रोत्यांच्या भाषेत बोलणारा उपदेशक कसा तयार करावा, हा तिच्यापुढचा सर्वांत कठीण प्रश्न राहिला असून तिचे चढउतारही बहुतांशी याच प्रश्नाशी निगडित आहेत.

जुन्या गोव्यात १५४१ मध्ये ‘सांता फे’ या संस्थेच्या वतीने आशियातील व आफ्रिकेतील मुलांना धर्मसेवेसाठी शिकवण्याची सोय करण्यात आली. प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी (पाद्री घडवणारी शाळा) चालवावी, असा ठराव ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये केला, म्हणजे गोव्यातील हा प्रयत्न त्याहून दोन दशकांनी जुना ठरतो. ६ मे १५४२ रोजी गोव्यात आलेला फ्रान्सिस झेवियर रस्त्यातून घंटा वाजवीत मुलांना व नोकरचाकरांना दोत्रिनीसाठी गोळा करीत असे. पुढे ही शाळा जेझुइट या संन्यासी संघाकडे गेली आणि सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आली. १५५६ मध्ये तेथेच भारतातील पहिला छापखाना सुरू झाला.

दक्षिण गोव्यातील साष्टीमध्ये जेझुइटांना आणि उत्तरेकडील बार्देशात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाला धर्मप्रसाराचे क्षेत्र नेमून दिलेले होते. साष्टीतील कॉलेज मडगाव व रायतूर (राशोल) यांच्या दरम्यान हलत राहिले. अखेर १६०६ मध्ये रायतूरच्या किल्ल्यात त्याच्या आजच्या भव्य इमारतीचा पाया घातला गेला आणि १६१० मध्ये ती पूर्ण झाली. या कॉलेजशी संबंधित नावांमध्ये इंग्लंडहून १५७९ मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स (मृत्यू १६१९) याचे नाव मराठी वाचकाला सर्वांत जवळचे आहे. नवख्रिस्ती झालेल्या लोकांचे जुने पुराणग्रंथ सत्तेने हिरावून घेतले होते. त्यांच्या जागी दुसरे काही द्यावे, अशी विनंती एका श्रोत्याने केल्याचे तो ग्रंथाच्या आरंभीच सांगतो. तिला उत्तर म्हणून त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले आणि १६१६ मध्ये ते छापले गेले. त्याचे कोंकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये रायतूरला प्रसिद्ध झाले. नव्या उपदेशकाच्या हाती द्यायचे साधन म्हणून या व्याकरणाचे मोल पुराणाइतकेच मानायला हवे. मात्र हे सारे ज्या काळात घडले, त्याच काळात (१५६० पासून) गोव्यात धर्मन्यायालयाचा (इन्क्विझिशनचा) धाक होता. स्टीफन्सच्या रसाळ ओवीमागची ही सक्ती नजरेआड करता येत नाही.

परकीय पाद्री भाषा शिकण्याची टाळाटाळ करीत, म्हणून ती न येणाऱ्यांकडे धर्मग्राम (पाद्रीच्या देखरेखीखालील चर्चचे क्षेत्र) सोपवू नये, असा निर्बंध गोव्यातील धर्मपरिषदेने घातला होता. याच्या अगदी उलट, १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने गोमंतकीयांनीच तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान काढले. उपदेशकाने लोकांकडे जावे की लोकांनी उपदेशकाकडे यावे, या वादात सत्तेने असा चुकीचा कौल दिला आणि पुढच्या पिढ्यांतील प्रवचनकारांना त्याची किंमत मोजावी लागली.

स्थानिक पाद्र्यांना परदेशी संन्यासी संघांची दारे बहुधा बंदच होती. अशा परिस्थितीत जुझे वाझ (१६५१–१७११) या बाणावलीत जन्मलेल्या पाद्र्याचे कार्य वेगळे उठून दिसते. त्याने सांकवाळ येथे लॅटिन शाळा चालवली आणि १६८५ मध्ये जुन्या गोव्यात आकार घेत असलेल्या गोमंतकीय पाद्र्यांच्या ओराटोरियन संघाचे नेतृत्व स्वीकारले. डच सत्तेने कॅथलिक पाद्र्यांना श्रीलंकेत मज्जाव केला होता. १६८७ मध्ये तो मजुराच्या वेषात तेथे पोहोचला, तमिळ व सिंहली शिकला आणि कँडीच्या राज्यात हेर समजला जाऊन कैदही भोगली. एकट्याने कितीही पायपीट केली तरी काम पुढे टिकणार नाही, हे ओळखून त्याने गावोगावी गृहस्थ प्रमुख नेमले आणि गोव्याहून आलेल्या तरुण ओराटोरियनांना भाषेसह तयार केले. त्यांपैकी दिवाडीच्या जाकोम गोन्साल्विस (१६७६–१७४२) याने सिंहली व तमिळ भाषांत मोठी ग्रंथरचना केली. वाझला १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे संतपद देण्यात आले. नवे उपदेशक घडवण्याचा गोमंतकीय आदर्श शोधायचा तर तो वाझच्या या शिस्तीतच सापडतो.

१७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाल्यावर रायतूरची इमारत धर्मप्रांताच्या सेमिनरीकडे आली. १८३५ मध्ये इतर संन्यासी संघही बंद झाल्याने गोव्यातील उपासनेचा भार स्थानिक पाद्र्यांवरच पडला. हणजूणचा आग्नेल द सौझा (१८६९–१९२७) याच काळातला. पिळार येथील पाद्र्यांच्या संघात राहून त्याने शिरोडा, कुमठा, सावर्डे या भागांत सेवा केली आणि १९१८ पासून तो रायतूरच्या विद्यार्थ्यांचा आध्यात्मिक मार्गदर्शक होता. १९ नोव्हेंबर १९२७ रोजी रायतूरला प्रवचन देत असतानाच तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. पिळारला त्याच्या समाधीवर आजही सर्व धर्मांचे लोक जातात.

आजचा विद्यार्थी साळगावच्या प्राथमिक सेमिनरीतून रायतूरला येतो. तत्त्वज्ञानाची दोन व ईश्वरविद्येची चार पूर्ण वर्षे, हा चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेने ठरवलेला किमान काळ आहे. त्यात पवित्र शास्त्राचे वाचन, सहाध्यायांसमोर प्रवचनाचा सराव आणि सुटीच्या दिवसांत गावच्या इगर्जीतील (चर्चमधील) काम यांची भर पडते. डीकन (पाद्रीच्या आधीची दीक्षित पायरी) झाल्यावर उपदेशाचा अधिकार मिळतो. दीक्षेनंतर तरुण पाद्री बहुधा एखाद्या विगाराच्या (गावच्या मुख्य पाद्रीच्या) हाताखाली कूर (साहाय्यक पाद्री) म्हणून रुजू होतो आणि माझ्या मते त्याचे खरे शिक्षण तेव्हाच सुरू होते. घरोघरच्या भेटी, आजाऱ्यांची विचारपूस, अंत्यविधी, कोमुनिदादीचे (गावच्या सामूहिक जमिनीच्या संस्थेचे) तंटे यांतून कळलेला गाव त्याच्या रविवारच्या शेरमांवात उतरला नाही, तर अभ्यासिकेतले पाठांतर ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनऐवजी कोंकणी मीस (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) रूढ झाली आणि शेरमांव तिचाच भाग मानला जाऊ लागला. फेस्ताच्या (सणाच्या) प्रवचनासाठी मात्र बाहेरचा नावाजलेला प्रेगादोर (प्रवचनकार) बोलावण्याची प्रथा कायम आहे. ३ डिसेंबरच्या सांव फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तापूर्वी नऊ दिवस चालणाऱ्या नोव्हेनांत आणि कारेज्मातील (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील) सांतुस पासुस या ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे स्मरण करणाऱ्या विधीत मोठा समुदाय त्याला ऐकतो. मिसेतील प्रवचन दीक्षितांसाठी राखीव असले, तरी मुलांना दोत्रीन शिकवण्याचे काम गावोगावी गृहस्थ, आणि त्यांतही बहुतांशी स्त्रिया, करतात. त्यांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था आता धर्मप्रांतच पाहतो.