१८९०ची जनगणना जळाली? अर्धंच खरं

अमेरिकेच्या मिडवेस्टमधला, म्हणजे मध्य-पश्चिम राज्यांतला, खापरपणजोबा शोधणारा माणूस १८८०च्या जनगणनेनंतर अडखळतो. पुढची थेट १९००ची. मधली १८९०ची आगीत गेली, असं त्याला हमखास ऐकवलं जातं. आग लागली होती, वॉशिंग्टनमध्ये, जानेवारी १९२१ला. पण तिनं सुमारे चौथाईच कागद गिळले. बाकीच्यांतले बरेच भिजले, काळवंडले. सगळेच वर्षानुवर्षं पडून राहिले. आणि शेवटी अमेरिकी संसदेच्या मंजुरीनं सरकारनंच ते नष्ट केले! (खापर मात्र आगीवर.) तरी वाट खुंटत नाही. आयोवा, मिनेसोटा, कॅन्सस या राज्यांनी १८८५ आणि १८९५मध्ये स्वतःची शिरगणती केली होती. ओहायो, विस्कॉन्सिनमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात (उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची) उत्तरेकडून लढलेल्या माजी सैनिकांची १८९०ची वेगळी यादीही शिल्लक आहे.