पाठीवरच्या दोन छत्र्या: मेन आणि रिझर्व्ह

स्कायडायव्हिंगचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "घाबरायचं काय, एक नाही उघडली तर दुसरी असतेच की!" असते, खरंच. दोन्ही पॅराशूट एकाच पाठपिशवीत असतात, राखीव छत्री म्हणजे रिझर्व्ह वर आणि मुख्य छत्री म्हणजे मेन खाली, आणि उघडल्यावर दोन्ही कप्प्याकप्प्यांच्या आयताकृती पंखासारख्या दिसतात. त्यामुळे रिझर्व्ह म्हणजे जादाची मेन, असा समज होतो. पहिलं किट विकत घेताना हाच समज जिवाशी खेळतो.

मेन ही रोजची छत्री. आजच्या बहुतेक मेन नऊ कप्प्यांच्या, हवा आरपार जाऊ न देणाऱ्या गुळगुळीत कापडाच्या असतात. ती अंगाला झटका न देता सावकाश उघडावी, छान वळावी, अलगद उतरवावी एवढीच अपेक्षा. उडी मारणारा तिची घडी स्वतः घालायला शिकतो.

रिझर्व्ह बहुधा सात कप्प्यांची, थोडी हवा झिरपू देणाऱ्या कापडाची असते. तिच्याकडून एकच मागणं असतं: लगेच आणि सरळ उघड. मेनला ओढून काढणारी छोटी छत्री आपण हाताने वाऱ्यात फेकतो, रिझर्व्हची मात्र स्प्रिंगच्या जोरावर उसळते. रिझर्व्हची घडी परवानाधारक रिगरच, म्हणजे छत्र्या तपासून घडी घालणारा तंत्रज्ञच घालतो. अमेरिकेच्या नियमानुसार दर १८० दिवसांनी ती सोडून, तपासून पुन्हा घालावी लागते, मग ती एकदाही वापरली नसली तरी. रिझर्व्हची झडप उघडून बघा. पिशवी मिटून ठेवणारी पिन दिसेल, तिच्याभोवती बारीक लाल दोरा आणि त्यावर दाबलेला शिशाचा छोटासा शिक्का. भाड्याचं किट घेताना मी आधी हा दोरा बघायला सांगेन, मग घडीच्या कार्डावरची तारीख. दोरा तुटलेला असेल तर ते किट अंगावर चढवायचं नाही.

आता मापाकडे येऊ. नवख्यांसाठी ढोबळ हिशेब असा: किटसकट जितके पौंड वजन, निदान तितके चौरस फूट छत्री. तुमचं वजन ७५ किलो, किट साधारण ११ किलो, म्हणजे एकूण ८६ किलो, जवळपास १९० पौंड. तर मेन १९० चौरस फुटांची हवी. हे गणित मेनसाठी सगळे करतात. रिझर्व्हचं माप मात्र कित्येक जण विचारतही नाहीत, "ती कुठे वापरायचीय" म्हणून. माझ्या मते माप आधी रिझर्व्हचंच ठरवावं. हवेत कुणाची टक्कर झाली, शुद्ध हरपली, तर आपोआप रिझर्व्ह उघडणारं यंत्र कामाला येतं. १९९१ मध्ये जर्मनीतून आलेल्या सायप्रेसने या यंत्रांवर लोकांचा विश्वास बसवला. नेहमीच्या मॉडेलमध्ये साधारण ७५० फुटांवरही माणूस वेगाने पडत असेल, तर ते रिझर्व्हची पिशवी मिटून ठेवणारा बंद कापतं आणि रिझर्व्ह उघडते. मेनला ते हातही लावत नाही. म्हणजे बेशुद्ध माणूस जमिनीवर येणार तो रिझर्व्हखाली, जमिनीजवळ वेग कमी करणारा शेवटचा ब्रेक न ओढता. तिथे छत्री लहान असेल तर हाडं मोडतात. शिवाय पिशवी ठरावीक मापांसाठीच शिवलेली असते. लहान मेनचं जुनं किट स्वस्तात मिळालं, तर त्यात मोठी रिझर्व्ह नंतर कोंबता येत नाही.

दोन्हींमधला सगळ्यात नाजूक क्षण म्हणजे एक सोडून दुसरीवर जाणं. मेन बाहेर येऊन गुंतली, गरगर फिरू लागली, तर तिच्यासकट रिझर्व्ह उघडायची नाही, दोन्ही एकमेकींत अडकू शकतात. नेहमीच्या किटमध्ये उजव्या बाजूची मऊ, उशीसारखी मूठ ओढली की मेन सुटते. डाव्या बाजूची मूठ रिझर्व्ह उघडते. आधी नजर, मग हात, आधी उजवी, मग डावी. उजवी ओढल्यावर खांद्यांवरच्या तीन-तीन कड्या एकातून एक निसटतात. स्कायडायव्हिंगची किट बनवणारे बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात काढलेली ही युक्ती आजही जगभर वापरात आहे. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलेल्यांनी इथे विशेष जपावं. पॅराग्लायडिंगमध्ये बिघडलेला पंख सहसा तोडत नाहीत, तो असतानाच रिझर्व्ह हाताने फेकतात.

आणि हे सगळं किती वेळात? मोकळं पडताना हजार फूट साडेपाच सेकंदांत सरतात. म्हणून अमेरिकेच्या स्कायडायव्हिंग संघटनेने विद्यार्थ्यांसाठी निर्णयाची उंची २५०० फूट ठेवली आहे. मेन चालवण्याजोगी आहे की नाही, हे तिथपर्यंत ठरलेलं असायला हवं. "बघू, सुटेल गुंता" म्हणत खाली उतरत राहायचं नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, त्याचे फोटो पुष्कळांनी पाहिले असतील. पुन्हा पाहाल तेव्हा पदराबरोबर छातीवरच्या पट्ट्यांकडेही बघा. अंगावर काहीही असो, त्या दोन मुठी डोळ्यांना दिसायला हव्यात आणि हाताला मोकळ्या लागायला हव्यात.