१२० क्रेडिट अन् एक परकी भाषा: ग्लोबल स्टडीजच्या अटी आल्या कुठून

पुतणीची बारावी झाली अन् तिला अमेरिकेत जाऊन ग्लोबल स्टडीज, म्हणजे अख्ख्या जगाच्या व्यवहाराचा अभ्यास, करायचंय. गेल्या आठवड्यात तर्री-पोह्याच्या प्लेटीशेजारी मोबाईल ठेवला अन् तिथल्या एका युनिव्हर्सिटीची अटींची यादी माझ्यासमोर धरली. एकूण १२० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप), एक परकी भाषा सेकंड इयरच्या लेव्हलपर्यंत, जगातला एक रीजन म्हणजे भूभाग, एक थीम म्हणजे व्यापार-हवामान असा एखादा विषय, इकॉनॉमिक्स अन् स्टॅटिस्टिक्सचे पेपर, जमलं तर एक सेमिस्टर परदेशात, आणि शेवटच्या वर्षी कॅपस्टोन म्हणजे आपला मोठा प्रोजेक्ट. युनिव्हर्सिटी बदलली की आकडे थोडे इकडेतिकडे होतात, सांगाडा बहुतेक ठिकाणी हाच. "काका, हे ठरवलं कोणी? अन् भाषा काऊन पाहिजे, मला तीन येतात ना आधीच!"

मी पॉलिटिकल सायन्स शिकवतो, त्यामुळे घरात असले प्रश्न माझ्याच गळ्यात पडतात. तिला तोंडी जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहून ठेवतो, कारण ही यादी कोणी एका बैठकीत बसून केलेली नाहीये. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यासारखं आहे ते, प्रत्येक पिढीनं गरजेपुरती एक खोली काढली आणि आधीची कोणी पाडली नाही.

सगळ्यात जुनी खोली क्रेडिटची, आणि तिचा जन्म शिक्षणातून नाही, चक्क मास्तरांच्या पेन्शनीतून झालाय! हार्वर्डला १८६९ मध्ये चार्ल्स इलियट अध्यक्ष झाले, पुढची चाळीस वर्षं तेच होते, त्यांनी पोरांना विषय निवडायची मोकळीक दिली. आधी सगळ्यांना तेच ग्रीक, तेच लॅटिन, तेच गणित, मोजायचं काही कामच नव्हतं. आता एकानं केमिस्ट्री घेतली अन् दुसऱ्यानं फ्रेंच, तर दोघांचं शिक्षण सारखंच झालं हे ठरवायचं कसं? तेवढ्यात १९०५ मध्ये पोलादवाले अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी १ कोटी डॉलर दिले. पैसा द्यायचा तर खरं कॉलेज कोणतं हे आधी ठरवावं लागणार, म्हणून त्यांच्या फाउंडेशननं हायस्कूलच्या अभ्यासाचं एक माप काढलं, वर्षभरात एका विषयाचे १२० तास म्हणजे एक युनिट, आणि प्रवेशाला ठरावीक युनिट मागणारं कॉलेजच पेन्शनला पात्र. चर्चच्या ताब्यातल्या कॉलेजांना पेन्शन नव्हती, तर काहींनी त्यापायी चर्चशी असलेलं नातंही सोडलं, पेन्शन ही चीजच अशी आहे, आमच्या स्टाफरूमला विचारा. पुढे १९१० मध्ये मॉरिस कुक नावाच्या इंजिनिअरनं कॉलेजांचा कारखान्यासारखा हिशोब मांडला, हे गृहस्थ फ्रेडरिक टेलरच्या पठडीतले, म्हणजे मजुराच्या हाताची हालचाल घड्याळ लावून मोजणारे. आठवड्याला एक तास, असं अख्खं सेमिस्टर, हे त्यांचं एकक. आजचं क्रेडिट त्याच वळणाचं. सेमिस्टरला १५ धरले तर आठ सेमिस्टरचे १२०, झाला हिशोब. पोरगी काय शिकली हे त्यातून कळत नाही, किती वेळ बसली तेवढं कळतं.

'मेजर' आणि 'जनरल एज्युकेशन' ह्या जोडीचं थोडक्यात सांगतो. इलियटनंतर १९०९ मध्ये लॉवेल आले, त्यांना ही मोकळीक म्हणजे भेळ वाटत होती, त्यांनी नियम केला की काही पेपर एकाच विषयात खोल जाऊन करायचे (हा मेजर) आणि बाकीचे सगळीकडे पसरून (हे जनरल एज्युकेशन). त्या पसरलेल्या भागात जग शिरलं ते पहिल्या महायुद्धामुळे. कोलंबियात युद्धाच्या काळात लढाई कशासाठी चाललीये हे समजावणारा एक कोर्स होता, त्यातूनच १९१९ मध्ये 'कंटेम्पररी सिव्हिलायझेशन' हा सगळ्यांना सक्तीचा कोर्स उभा राहिला (बाबासाहेब तिथून १९१६ मध्येच निघाले होते, त्यामुळे तो त्यांना नव्हता). त्याच १९१९ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला आंतरराष्ट्रीय राजकारणाचं जगातलं पहिलं अध्यासन झालं आणि वॉशिंग्टनला जॉर्जटाउनचं स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस सुरू झालं. एवढी माणसं मेल्यावर लोकांना वाटलं, बा, शेजारच्या देशाचं जरा शिकायला पाहिजे होतं.

आता भाषा आणि रीजन, पोरीचा खरा राग ह्याच्यावर. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियानं स्पुटनिक सोडला अन् अमेरिकेची झोप उडाली. दुसऱ्याच वर्षी नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट आला, नावातच डिफेन्स आहे बघा. त्याच्या सहाव्या प्रकरणातून, ज्याला तिथे टायटल सिक्स म्हणतात, युनिव्हर्सिट्यांना भाषा आणि 'एरिया स्टडीज'ची, म्हणजे जगाच्या एकेका भागाच्या अभ्यासाची, सेंटरं काढायला पैसा मिळाला. सुरुवातीला ज्या भाषांना प्राधान्य होतं त्या अशा: अरबी, चिनी, हिंदी-उर्दू, जपानी, पोर्तुगीज, रशियन. म्हणजे पलीकडच्याच्या घरात काय चाललंय ते त्याच्या भाषेत कळावं ही सरकारची गरज होती, तीच आज अठरा वर्षांच्या मुलीच्या डिग्रीत 'भाषेची अट' होऊन बसलीये. तिला तीन भाषा येतात हे खरं, आणि मातृभाषेच्या जोरावर सूट देणारी ठिकाणंही आहेत, पण नियम जागोजागी वेगळा, आधी विचारून घ्यायचं.

ह्या एरिया स्टडीजचं आपल्याशीही नातं आहे, तेही गव्हाचं. साठच्या दशकात रेशनवर अमेरिकेचा लाल गहू यायचा, पीएल-४८० ह्या त्यांच्या धान्य-योजनेतला. आई अजून सांगते, पोळ्या अशा व्हायच्या की ताणल्या तर तुटायच्या नाहीत. त्या गव्हाचे पैसे भारत रुपयात भरायचा आणि ते रुपये बरेचसे इथेच पडून असायचे. मग १९६२ पासून त्यातल्या काही रुपयांतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं भारतात छापली जाणारी पुस्तकं घ्यायला सुरुवात केली, सगळ्या भाषांतली, मराठीसुद्धा, आणि तिथल्या युनिव्हर्सिट्यांच्या लायब्रऱ्यांना पाठवली. शिकागो युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मराठी पुस्तकांची जी रांग लागलेली आहे त्यात ह्या रेशनच्या गव्हाचा वाटा आहे! ह्याच वातावरणात एलिनॉर झेलियट यांच्यासारख्या अभ्यासक तयार झाल्या, डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ ह्या विषयावर त्यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत पीएचडी केली. दीक्षाभूमीच्या गावातल्या माणसाला हे वाचून गंमत वाटते. कायदा काढला रशियाच्या धास्तीनं, आणि त्या लाटेत आपल्याकडची माणसं तिकडच्या अभ्यासात गेली.

थीमची खोली सगळ्यात नवी. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन गेलं अन् एरिया स्टडीजवाल्यांची पंचाईत झाली, ज्याच्यासाठी नकाशाचे तुकडे पाडले होते तो गडीच उरला नाही. इकडे माल, पैसा, माणसं, रोगराई, हवामान, सगळंच सीमा न विचारता फिरून राहिलं होतं. तेव्हा नव्वदच्या दशकात ग्लोबल स्टडीज नावाचे कोर्स निघायला लागले, कॅलिफोर्नियातलं सांता बार्बरा त्यातलं आघाडीचं. देश सोडून वस्तूच्या मागे जा, असा त्यांचा साधारण विचार. पण जुने रीजन काढले नाहीत, थीम बाजूला जोडली, म्हणून आता दोन्ही करा.

आता माझं मत सांगू का, वस्तूच्या मागे जाणं विदर्भाला नवं नाही, फक्त आपण त्याला डिग्री दिली नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी चालली होती, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना अन् वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. इंग्रजांना कापूस बंदरापर्यंत न्यायची घाई झाली, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, तोवर लढाई संपून भाव कोसळलेलाही होता. मग १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. चार ओळीत गुलामगिरी, आरमार, भाव, रेल्वे, मजूर सगळं आलं. मी दरवर्षी फर्स्ट इयरला हे सांगतो आणि दरवर्षी मागच्या बाकावरून एक जण विचारतो, सर हे पेपरमध्ये येते का.

परदेशातल्या सेमिस्टरची सुरुवात १९२३ ची. पहिल्या महायुद्धात लढून आलेले रेमंड किर्कब्राइड नावाचे प्राध्यापक डेलावेअर युनिव्हर्सिटीची आठ पोरं घेऊन बोटीनं फ्रान्सला गेले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला आपली नागपूर युनिव्हर्सिटी स्थापन झाली. कॅपस्टोनबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही, जुन्या प्रबंधाचाच धाकटा भाऊ तो.

आपल्याकडचं काय, तर आंतरराष्ट्रीय विषय आपण सुरू केला वरच्या टोकापासून. दिल्लीत सप्रू हाउसला १९५५ मध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज निघालं, संशोधनासाठी, ते १९७० मध्ये जेएनयूत मिसळलं. बीएच्या पोराला मात्र ठरलेले विषय, वर्षाला एक परीक्षा, अन् रिझल्टची वाट. माझ्या वेळी एका वर्षाची मार्कशीट पुढच्या वर्षाच्या परीक्षेनंतर हातात आली होती, ती अजून जपून ठेवलीये, पुरावा म्हणून. शिवाय कोठारी आयोगाच्या १०+२+३ मुळे आपली डिग्री तीन वर्षांची, अमेरिकेची चार वर्षांची, त्यामुळे तिकडे एमएला गेलेल्यांना 'तुमचं एक वर्ष कमी आहे' हे पुष्कळदा ऐकावं लागलं. २०२० च्या धोरणानंतर यूजीसीनं डिसेंबर २०२२ मध्ये आराखडा काढला, तीन वर्षांना १२०, ऑनर्सच्या चार वर्षांना १६० क्रेडिट, महाराष्ट्रात सेमिस्टरला २० ते २२. आता आमची पोरंही मेजर, मायनर (जोडविषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह), व्हीएससी (व्होकेशनल स्किल कोर्स), आयकेएस (इंडियन नॉलेज सिस्टिम) असं बोलून राहिलीत, अन् कॉरिडॉरमध्ये अर्धा वेळ कोणाचे किती क्रेडिट झाले ह्याचाच हिशोब चालतो. पेन्शनवाल्या कार्नेगीचं माप असं वळसा घालून आमच्या नोटीस बोर्डावर आलंय.

तर पुतणी. फॉर्ममध्ये रीजनचा ड्रॉपडाउन होता, मला वाटलं साउथ एशिया घेईल, सोपं पडेल. तिनं लॅटिन अमेरिका घेतलं. मी म्हटलं, काय बे, तिकडचं तुला काय माहीत? तर म्हणे, "काका, आपल्या घरात सगळ्यात जास्त नाव ब्राझीलचंच निघते." खरंच आहे. दादाची कळमना मार्केटला अडत आहे, सोयाबीन पडलं की रात्री जेवताना तेच, ब्राझीलचं पीक जोरात आलं म्हणे, शिकागोच्या सौदेबाजारातला भाव तुटला म्हणे. जगात सगळ्यात जास्त सोयाबीन पिकवणारा देश तो, आणि त्याचा फटका उमरेडहून ट्रॅक्टर घेऊन आलेल्या माणसाला. थीम तिनं व्यापार घेतली. भाषा आपोआप पोर्तुगीज आली, १९५८ च्या त्या कायद्याच्या यादीतलीच. सध्या मोबाईलवर धडे चालू आहेत, वहिनीनं चहा दिला की 'ओब्रिगादा' म्हणजे थँक्यू म्हणते, अन् वहिनी म्हणते आधी कप उचलून ठेव.