जुन्या दप्तरांच्या डिजिटल प्रतींसाठी ब्रिटिश लायब्ररीचे अनुदान: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेली दप्तरे), हस्तलिखित पोथ्या, एकोणिसाव्या शतकातल्या मासिकांचे गठ्ठे महाराष्ट्रात अजूनही वाड्यांच्या माळ्यावर, देवस्थानांच्या कोठारांत आणि शंभरी ओलांडलेल्या वाचनालयांत पडून आहेत. कसर आणि वाळवी त्यांचे काम करतातच, आणि दर पावसाळ्यात काही पाने कायमची जातात. अशा संग्रहांच्या डिजिटल प्रती करण्यासाठी लंडनची ब्रिटिश लायब्ररी २००४ पासून ‘एंडेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्राम’ नावाची अनुदान योजना चालवते. संक्षेपात तिला ईएपी म्हणतात. पैसा आर्केडिया या धर्मादाय निधीकडून येतो. आतापर्यंत ९० हून अधिक देशांत ५०० च्या वर प्रकल्प या योजनेतून उभे राहिले आहेत.

भारतात कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने बाजारात विकल्या जाणाऱ्या जुन्या, स्वस्त बंगाली पुस्तकांच्या प्रती यातून केल्या. पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने तमिळ शेतीव्यवस्थेचे जुने कागद आणि तमिळनाडूतल्या फोटो स्टुडिओंमधली छायाचित्रे टिपली. मराठीत या तोलाचे साहित्य कितीतरी आहे, ते सांभाळणाऱ्या संस्थाही आहेत. अडते ते बहुधा दोन ठिकाणी: कागद ज्यांचा आहे त्यांची लेखी संमती आणि परदेशी पैसा घेण्याची परवानगी. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

मूळ कागद कुठेही जात नाही

दप्तरवाल्या घराण्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो रास्त आहे. ईएपीच्या नियमानुसार मूळ साहित्य देशाबाहेर नेता येत नाही. फोटो इथेच काढायचे, कागद इथेच ठेवायचा. डिजिटल प्रतींचा एक संच देशातल्या एखाद्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात राहतो, दुसरा ब्रिटिश लायब्ररीकडे जातो आणि अभ्यासासाठी इंटरनेटवर विनामूल्य खुला होतो. मूळ जागी कागद सुरक्षित नसतील, तर त्याच देशातल्या चांगल्या संस्थेत ते हलवण्याचा खर्च मागता येतो. आपला कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे ७५ वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित वा दस्तऐवज हा पुरावशेष ठरतो आणि खासगी व्यक्तीला तो निर्यात करता येत नाही.

साहित्य, संस्था आणि अनुदानाचे प्रकार

साहित्य साधारणपणे विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे हवे. हस्तलिखिते, पत्रे, हिशेबाच्या वह्या, छापील नियतकालिके, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे असे सगळे चालते. निवड करताना तीन गोष्टी तोलल्या जातात: साहित्य किती धोक्यात आहे, संशोधनासाठी त्याचे मोल किती, आणि हे काम या माणसांकडून या मुदतीत होण्याजोगे आहे का. मोल सांगताना आपल्याकडे लेखणी सैल सुटते, धोक्याबद्दल मात्र ‘जीर्ण अवस्थेत’ एवढे दोन शब्द येतात. धोका दिसेल असा लिहा. कोणत्या खोलीत आहे, छप्पर कसले, किती रुमाल ओले झाले, शाईने कागद खाल्ला आहे का, घर विक्रीला निघाले आहे का.

अनुदान व्यक्तीला मिळत नाही, संस्थेला मिळते. विद्यापीठ, महाविद्यालय, संशोधन मंडळ, ग्रंथालय, नोंदणीकृत न्यास यांपैकी कुणीतरी यजमान संस्था म्हणून उभे राहावे लागते आणि प्रकल्पाचा प्रमुख तिच्याशी जोडलेला असावा लागतो. स्वतंत्र अभ्यासकाने आधी अशी संस्था गाठावी.

प्रकार चार. संग्रहाची पाहणी करण्यासाठी किंवा लहान संग्रह टिपण्यासाठी पायलट अनुदान असते, १५,००० पौंडांपर्यंत आणि १२ महिन्यांपर्यंत. मोठ्या कामासाठी मेजर अनुदान, २४ महिन्यांपर्यंत आणि ७५,००० पौंडांपर्यंत. त्याहून मोठे एरिया अनुदान १,५०,००० पौंडांपर्यंत जाते, पण ते अशा कामाचा भक्कम अनुभव असलेल्यांसाठीच आहे. पूर, पडझड, तातडीचे स्थलांतर अशा प्रसंगी रॅपिड रिस्पॉन्स अनुदान असते. त्याला वार्षिक फेरीची वाट पाहावी लागत नाही आणि त्याचीही मर्यादा १५,००० पौंड राहिली आहे. दर फेरीची मार्गदर्शिका स्वतंत्र निघते, तेव्हा रकमा आणि मुदती चालू मार्गदर्शिकेतून पक्क्या करूनच अंदाजपत्रक मांडा. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या मराठी संस्थेने पायलटनेच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. कोणाच्या घरात काय आहे याची विश्वासार्ह यादी हाती आली की पुढचा मोठा अर्ज वजनदार होतो.

मालकाची संमती

सातबाऱ्यावर जशी चार चुलतभावांची नावे असतात, तशीच घराण्याच्या दप्तरावरही चौघांची मालकी असते, फरक इतकाच की ती कुठे लिहिलेली नसते. वाड्यात राहणारा भाऊ ‘या, फोटो काढा’ म्हणतो, आणि काम अर्ध्यावर आले की पुण्यातला किंवा अमेरिकेतला भाऊ हरकत घेतो. म्हणून ज्यांचा वारसाहक्क पोचतो त्या सर्वांची सही घ्यावी. परदेशी असलेल्याने सही करून स्कॅन केलेले पत्र पाठवले तरी सुरुवातीला काम भागते. देवस्थानचे दप्तर असेल तर विश्वस्त मंडळाचा ठराव हवा, वाचनालयाचे असेल तर कार्यकारिणीचा. ठरावाच्या प्रतीवर तारीख, ठराव क्रमांक आणि शिक्का असू द्या.

संमतीपत्र मराठीत लिहा आणि सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. त्यात पुढील गोष्टी स्वच्छ शब्दांत याव्यात. मूळ कागदांची मालकी आणि ताबा कुटुंबाकडेच राहील. डिजिटल प्रती अमुक संस्थेत आणि ब्रिटिश लायब्ररीत ठेवल्या जातील. त्या संशोधनासाठी इंटरनेटवर खुल्या होतील. कामासाठी दप्तर हलवायचे असेल तर कुठे, किती दिवसांसाठी आणि कोणाच्या जबाबदारीवर.

इनाम, वतन, वाटणी यांचे कागद असले की घरचे बिचकतात. ‘हे उद्या कोर्टात आमच्याविरुद्ध काढले तर?’ ही भीती बोलून दाखवली जाते, कधी नुसतीच मनात राहते. ती हसण्यावारी नेऊ नका. कागद आधी घरच्यांसमोर वाचून दाखवा. मोडी वाचता येणारे माणूस सोबत असले की पणजोबांच्या पत्रात काय आहे ते पहिल्यांदाच कळते आणि संकोच बराच कमी होतो. तरीही काही कागद नको म्हणाले, तर ते संग्रहातून वगळा आणि वगळल्याची नोंद ठेवा.

छापील साहित्याला स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. भारतीय कायद्यात लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. म्हणजे निदान १९६४ पर्यंत निधन झालेल्या लेखकांचे लेखन आता मोकळे आहे. मासिकाच्या एका अंकात दहा लेखक असतात, त्यामुळे १९२० नंतरच्या अंकांसाठी लेखकांची यादी करून निधनाची वर्षे तपासावीत. काम कंटाळवाणे आहे, पण टाळता येत नाही.

परदेशी पैसा आणि एफसीआरए

ब्रिटिश लायब्ररीचे अनुदान म्हणजे परकीय योगदान. ते स्वीकारायला विदेशी अंशदान विनियमन अधिनियम, २०१० (इंग्रजी संक्षेपात एफसीआरए) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षे जुनी हवी आणि गेल्या ३ वर्षांत तिने आपल्या मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. त्यासाठी गृह मंत्रालयाच्या एफसीआरए पोर्टलवर एफसी-३ए अर्ज भरतात. नोंदणी ५ वर्षे चालते. एवढा खर्च दाखवू न शकणाऱ्या लहान मंडळासाठी पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, तिचा अर्ज एफसी-३बी. ती ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक रकमेसाठी आणि ठरावीक कामासाठीच मिळते. अर्जासोबत देणगीदाराचे वचनपत्र जोडावे लागते.

अडचण इथेच आहे. वचनपत्र मिळते अनुदान मंजूर झाल्यावर, म्हणजे पूर्वपरवानगीची धावपळ त्यानंतर सुरू होते आणि प्रकल्पाचे वेळापत्रक पुढे सरकत राहते. म्हणून शक्य असेल तर आधीच नोंदणी असलेल्या संस्थेला यजमान करा. राज्य वा केंद्राच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि ज्यांचे लेखापरीक्षण कॅगकडून, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांकडून, होणे सक्तीचे आहे अशा वैधानिक संस्थांना सूट आहे. पण आपले विद्यापीठ त्यात बसते का, हे वित्त अधिकाऱ्याकडून लेखी घ्या.

२०२० च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी बदलल्या. परकीय रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच जमा व्हावी लागते. खाते उघडायला दिल्लीला जावे लागत नाही, जवळच्या स्टेट बँक शाखेतून ते होते, आणि पुढे खर्चासाठी आपल्या गावच्या बँकेत वेगळे खाते ठेवता येते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: मिळालेले परकीय योगदान दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, तिची नोंदणी असली तरीही. ‘पुण्याची संस्था पैसा घेईल आणि त्यातला निम्मा तालुक्याच्या वाचनालयाला देईल’ ही मांडणी चालणार नाही. यजमान संस्थेने स्वतः माणसे नेमावीत, स्वतः कॅमेरा घ्यावा, स्वतः बिले भरावीत. प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे. वर्ष संपल्यावर ९ महिन्यांच्या आत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, एफसी-४ विवरण भरायचे.

कागदपत्रांची जमवाजमव आधीच करून ठेवा: संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा न्यासपत्र, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, ३ वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, पदाधिकाऱ्यांचे आधार आणि प्रतिज्ञापत्रे. धर्मादाय आयुक्तांकडचा बदल अर्ज प्रलंबित असेल आणि परिशिष्टावर (तिथल्या न्यासाच्या नोंदीवर) जुन्याच विश्वस्तांची नावे असतील, तर आधी ते निस्तरा. बऱ्याच जुन्या मंडळांचे गाडे तिथेच रुतलेले असते.

अर्ज दोन टप्प्यांत

वार्षिक फेरी साधारण दिवाळीच्या आसपास उघडते. पहिल्या टप्प्यात थोडक्यात प्राथमिक अर्ज असतो, तो इंग्रजीत द्यायचा. निवड झाली तर सविस्तर अर्ज मागवला जातो. त्याला मालकांची संमतीपत्रे, यजमान संस्थेचे पत्र, प्रती ठेवून घेणाऱ्या स्थानिक संस्थेची मान्यता, चमूची माहिती, वेळापत्रक आणि अंदाजपत्रक लागते. तज्ज्ञांचे आंतरराष्ट्रीय मंडळ निर्णय घेते. यजमान संस्थेचा वरकड खर्च मिळत नाही. कॅमेरा, स्टँड, संगणक, छायाचित्रकाराचे आणि मोडी वाचकाचे मानधन, प्रवास, साठवणूक हे मागता येते, आणि घेतलेली उपकरणे इथेच राहतात.

साठवणुकीचा हिशेब अंदाजपत्रकात हमखास कमी धरला जातो. मूळ प्रती टिफ या मोठ्या, दर्जा न घटवणाऱ्या फाईल स्वरूपात ठेवायच्या असतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रंगीत टिफ फाईल सुमारे ७२ एमबीची होते. दहा हजार पाने म्हणजे सुमारे ७२० जीबी. दोन ठिकाणच्या प्रती आणि कामाची एक प्रत धरली तर दोन टेराबाइटच्या वर जागा लागते. फ्लॅटबेड स्कॅनरचा मोह टाळा. बांधणीची वही त्यावर उलटी दाबली की शिवण तुटते. प्रत्येक फोटोच्या चौकटीत रंगपट्टी आणि मोजपट्टी असू द्या.

यादी नीट नसेल तर चित्रे मुकी राहतात. प्रत्येक कागदाला कोणी, कोणाला, कधी, कशाबद्दल एवढे तरी हवे. तारखेचे काम नाजूक आहे. ‘सन सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन (मराठी दप्तरांतली, अरबी अंकशब्दांत लिहिली जाणारी कालगणना) ११७०, इसवी सनात १७६९-७०. हा सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून नुसते ५९९ मिळवून चालत नाही, महिनाही पाहावा लागतो. मूळ तारीख जशीच्या तशी आणि शेजारी इसवी सन, अशा दोन्ही रकान्यांची सोय करा. तंजावरच्या सरस्वती महालातले मोडी कागद, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातली पत्रे आणि लंडनमधली मराठी हस्तलिखिते पुढे कधी एकाच शोधात सापडावीत असे वाटत असेल, तर ती या रकान्यांमुळेच सापडतील. चित्रांच्या बाजूने ही सोय आयआयआयएफ या खुल्या मानकाने आधीच केली आहे. वेगवेगळ्या देशांतल्या ग्रंथालयांनी मिळून ते घडवले, आणि दोन संस्थांच्या सर्व्हरवरची पाने एकाच पडद्यावर शेजारी ठेवून वाचणे त्यामुळे जमते. स्थानिक संस्थेनेही आपला संच याच पद्धतीने खुला करावा.

साहित्य या चौकटीत बसत नसेल तर

संयुक्त महाराष्ट्र चळवळीची पत्रके, गिरणगावातल्या युनियनची कागदपत्रे, दलित चळवळीची अनियतकालिके असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले साहित्य ईएपीत बसणार नाही. त्यासाठी अमेरिकेतल्या यूसीएलए ग्रंथालयाचा ‘मॉडर्न एंडेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्राम’ आहे. तोही आर्केडियाच्याच निधीवर २०१८ पासून चालतो, त्यालाही एफसीआरए लागते. निव्वळ हस्तलिखिते असतील आणि परदेशी पैशाची वाट नको असेल, तर केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ज्ञान भारतम् मिशनकडे जा. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद आणि जतन हे त्याचे उद्दिष्ट आहे. संमतीपत्रांची आणि याद्यांची जी तयारी वर सांगितली, ती तिथेही जशीच्या तशी उपयोगी पडते.