भुलवणारे यंत्र आणि तिसरी परीक्षा

बीड-धाराशिवकडच्या शिवारात हिवाळ्याच्या रात्री तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या रानातून एकाच माणसाचा आवाज तासन्तास ऐकू येतो. आधी एक लांब हाळी, मग पत्र्याच्या डब्यावर चार ठोके आणि पुन्हा तीच हाळी, असा तो क्रम असतो. तिथे माणूस नसतो. बांधावरच्या खांबाला अडकवलेला बॅटरीवरचा भोंगा शेतकऱ्याने स्वतःच्याच आवाजात एकदा भरून ठेवलेले ध्वनिमुद्रण रात्रभर वाजवत असतो आणि रानडुकरांनी पिकाकडे फिरकू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. सुरुवातीला डुकरे बिचकतात. मग आवाजामागून कोणी येत नाही, हे त्यांच्या ध्यानात येते आणि भोंग्याखालचे पीकही उकरलेले सापडते. या लेखाचा विषय या भोंग्याचा उलटा प्रकार आहे: जनावराला पळवून लावण्याऐवजी जवळ बोलावणारे यंत्र, ज्याला शिकारीच्या जगात इलेक्ट्रॉनिक डिकॉय म्हणतात.

अमेरिकेत कायोटी (आपल्या कोल्ह्याचा थोरला भाऊबंद शोभावा असा प्राणी), खोकड आणि रानमांजरे यांच्या शिकारीसाठी हे यंत्र सर्रास वापरले जाते. आपल्याकडे तसा वापर हा गुन्हा आहे, आणि हे आधीच सांगून टाकलेले बरे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही. सापळा लावणे, हाकून नेणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हेसुद्धा येते. लांडगा, कोल्हा, खोकड, तरस, बिबट्या असे मराठवाड्याच्या माळावर भेटणारे मांसाहारी प्राणी पहिल्या अनुसूचीत असल्याने त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. म्हणून पुढे यंत्राची मांडणी कशी करतात हे जे सांगितले आहे, ते प्राण्याच्या ज्ञानेंद्रियांचा अभ्यास म्हणून वाचावे. मला तरी बंदुकीपेक्षा तोच भाग अधिक रंजक वाटतो.

भुलवून बोलावण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये माणसाळलेल्या काळविटाच्या शिंगांना जाळे अडकवून त्याला रानटी काळविटांवर सोडण्याची पद्धत वर्णिली आहे, दोघांची झुंज लागली की रानटी नर जाळ्यात गुंतत असे. पिंजऱ्यातला तित्तूर माळावर ठेवून त्याच्या ओरडण्यावर दुसरे तित्तूर बोलावण्याची रीतही जुनीच होती. या सर्व पद्धतींत भुलवणारा प्राणी जिवंत असे, आणि जिवंत असण्याचा एक फायदा यंत्राला अजून मिळवता आलेला नाही. तो कोणता, हे पुढे येईलच.

यंत्राचे दोन भाग असतात. पहिला भाग आवाजाचा: छोटा संगणकीय प्लेयर, अॅम्प्लिफायर आणि कर्ण्यासारखा स्पीकर, हे सगळे रिमोटवर चालणारे. दुसरा भाग हालचालीचा. जमिनीत रोवलेल्या खुंटीवर बॅटरीची एक मोटर, मोटरला लवचिक तार आणि तारेच्या टोकाला केसाळ कातड्याचा किंवा पिसांचा झुपका, एवढेच त्याचे स्वरूप असते. मोटर सुरू झाली की झुपका गवतावर फडफडतो, थांबतो, पुन्हा फडफडतो. चांगल्या यंत्रात हे थांबणे आणि सुरू होणे अनियमित ठेवलेले असते, कारण जखमी ससा घड्याळाच्या ठोक्यावर तडफडत नाही.

आवाज बहुधा संकटात सापडलेल्या सशाचा किंवा पाडसाचा असतो. एरवी मुका वाटणारा ससा पकडला गेल्यावर कर्कश किंचाळतो, हे ज्यांनी ऐकले आहे ते विसरत नाहीत. मरता मरता ओरडून त्याला काय मिळते, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञांनाही पडला होता. गोरान हॉगस्टेड्ट यांनी १९८३ मध्ये असे सुचवले की त्या किंकाळीने दुसरा शिकारी प्राणी धावून येतो, दोघांची झटापट होते आणि तेवढ्या गोंधळात सावजाला निसटण्याची थोडी संधी मिळते. हे खरे असेल, तर डिकॉयच्या स्पीकरने नवीन काहीच शोधून काढलेले नाही. शिकाऱ्याला बोलावण्याची जी युक्ती सावजाकडे होती, तीच त्याने उसनी घेतली आहे.

अशा किंकाळ्यांना जातीची बंधनेही फारशी नसतात. कॅनडात सुसान लिंगल आणि टोबियास रीडे यांनी हरिणींना वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांच्या पिलांचे रडणे ऐकवले, त्यात माणसाच्या तान्ह्या मुलाचेही रडणे होते. आवाजाची मूळ पट्टी स्वतःच्या पाडसाच्या पट्टीजवळ असेल, तर हरिणी स्पीकरकडे धावत आल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वाचल्यावर, अमेरिकी सशाची किंकाळी परक्या प्रदेशातल्या मांसाहाऱ्यालाही का खुणावू शकते, याचे नवल उरत नाही.

मात्र स्पीकर जे वाजवतो आणि लांडगा-कोल्ह्याच्या कुळातील प्राणी जे ऐकतो, त्यांत तफावत असते. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, तर कुत्र्याचा सुमारे ४५,००० पर्यंत. नेहमीच्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि त्यामुळे २२,०५० हर्ट्झच्या वरचे काहीही त्यात साठवताच येत नाही. शिवाय फाइल लहान करण्यासाठी आवाज दाबला, तर वरच्या पट्टीतला बराच भाग आधीच छाटला जातो. आपल्याला हुबेहूब वाटणारी किंकाळी कोल्ह्याला माथा छाटलेल्या झाडासारखी वाटत असणार. असे असूनही तो येतो, याचे एक कारण म्हणजे दूरवरून येणाऱ्या खऱ्या आवाजातील वरच्या पट्ट्याही वाटेत हवा शोषून घेते. लांबून आलेला आवाज मुळातच थोडा बोथट असतो, त्यामुळे फसवणूक लांबूनच अधिक चांगली जमते.

आवाजाची पातळी ठरवताना नवखे लोक बहुतेक वेळा चुकतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १ मीटरवर ११० डेसिबल असलेला आवाज १२८ मीटरवर साधारण ६८ आणि १ किलोमीटरच्या आसपास ५० वर येतो. जमीन, गवत आणि हवा त्यातून आणखी काही खातात. पण लांडग्याला शांत रात्री एवढेही पुरेसे असते, विशेषतः आकाश निरभ्र असेल, जमीन गार पडली असेल आणि वरची हवा तुलनेने उबदार असेल तेव्हा, कारण त्या स्थितीत ध्वनी वर निघून न जाता वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. प्राणी जर शंभर मीटरवरच्या बोरीच्या जाळीत बसलेला असेल आणि सुरुवातच कानठळ्या बसवणाऱ्या किंकाळीने झाली, तर तो उलट दिशेने निघून जातो. म्हणून आधी हळू आवाज, मग काही मिनिटे शांतता, आणि त्यानंतर हळूहळू वाढ, असा क्रम जाणकार पाळतात.

कानाने दिशा कळली की प्राणी निघतो, आणि जवळ येताना डोळा कामाला लागतो. झुपक्याचे काम इथे असते. कुत्र्याच्या कुळातील प्राण्यांना रंग आपल्याइतके दिसत नाहीत. त्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे निळा आणि पिवळा त्यांना वेगळे कळतात, पण लाल आणि हिरव्यात गल्लत होते. मंद प्रकाशातील हालचाल मात्र ते चटकन टिपतात. झुपक्याचा रंग कोणता, हा प्रश्न विकत घेणाऱ्या माणसाच्या समाधानापुरता उरतो. तो कुसळी गवताच्या वर दिसतो की गवतात बुडतो, हा खरा प्रश्न. झुपका नसेल तर आलेल्या प्राण्याची नजर आवाजाचा मालक शोधत चहूकडे फिरते आणि तिला झुडपाआड बसलेला माणूस सापडतो. नजरेला एका जागी खिळवून ठेवणे, हे डिकॉयचे पहिले काम आहे. सशासारखे दिसणे हे त्यानंतरचे.

आणि मग येते नाक. दोन वर्षांपूर्वी पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या माळावर एका धनगर कुटुंबाचा वाडा बसला होता. तिथे मी सकाळी एका कोकराचे बेंबटणे मोबाइलवर भरून घेतले आणि संध्याकाळी, कोकरे डालीखाली झाकलेली असताना, छोटा ब्लूटूथ स्पीकर वाघरीपासून (मेंढ्या कोंडायच्या जाळीपासून) वीसेक पावलांवर एका दगडाआड ठेवून ते वाजवले. त्या कोकराच्या आईने लगेच मान वर केली, बाकीच्या मेंढ्या चरतच राहिल्या. ती ओरडत थेट दगडापर्यंत आली, स्पीकरवर वाकली आणि तिने दोनदा हुंगले. स्पीकर अजून तिच्या लेकराच्याच आवाजात ओरडत होता. तिने पाठ फिरवली आणि दगडाशेजारचे गवत खाऊ लागली. “त्याला वास न्हाई ना, सर,” एवढेच म्हणून मेंढपाळ आपल्या कामाला लागला. मेंढी कोकराला दुरून आवाजाने ओळखते, पण कासेला लावून घेण्याआधी वासाची खात्री करते, हे मेंढ्यांवरील प्रयोगांतून चांगले सिद्ध झाले आहे. मांसाहारी प्राणीही कान आणि डोळा यांच्यानंतर ही तिसरी परीक्षा घेतोच. गंध ओळखणारी चालू जनुके माणसात सुमारे ४००, तर कुत्र्यात त्याच्या दुपटीच्या आसपास आहेत. जिवंत तित्तुराचा किंवा माणसाळलेल्या काळविटाचा फायदा होता तो हाच. वनविभाग बिबट्यासाठी पिंजरा लावतो तेव्हा वेगळ्या कप्प्यात बोकड बांधतो, तो ओरडला नाही तरी त्याचा वास रात्रभर बोलत असतो.

यंत्राची सगळी मांडणी या तिसऱ्या परीक्षेभोवती रचलेली असते. कायोटी आवाजाकडे सरळ येत नाही. शेवटच्या टप्प्यात वळसा घालून तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, म्हणजे आवाजाच्या जागेवरून वाहणारी हवा त्याच्या नाकाशी येते. समजा, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आहे. अशा वेळी माणूस दक्षिणेला आणि स्पीकर त्याच्यापासून उत्तरेला चाळीस-पन्नास पावलांवर ठेवतात, आणि झुपका स्पीकरच्या अगदी जवळ. वळसा घालणारा प्राणी पूर्वेकडच्या मोकळ्या जागेत येईल, असा अंदाज असतो. माणसाचा वासही पूर्वेलाच वाहत जातो, पण वेगळ्या पट्ट्यातून, आणि प्राणी त्या पट्ट्यात शिरण्याआधी नजरेस पडला तरच मांडणी साधली. यंत्राला हात लावताना हातमोजे घालतात, ते हाताचा वास झुपक्याला लागू नये म्हणून.

वारा दिवसा वाहतो तसाच रात्री वाहील, असे धरून चालणे ही दुसरी मोठी चूक. बालाघाटासारख्या चढउताराच्या मुलखात सूर्य मावळला की उतारावरची हवा गार आणि जड होऊन ओढ्याकडे घरंगळू लागते. वरून वारा पडल्यासारखे वाटते, आणि खाली आपला वास गुपचूप घळीतून निघालेला असतो, नेमका ज्या वाटेने जनावर येणार त्याच वाटेने. चिमूटभर राख हातातून सोडून पाहिली तर हे सहज कळते.

एवढे करूनही यंत्राचे आयुष्य थोडे असते. एकदा येऊन फसलेला आणि जिवंत सुटलेला प्राणी त्या आवाजाची खूणगाठ बांधतो. मग दुसऱ्या वेळी तीच फाइल म्हणजे त्याला इशारा ठरते. बांधावरच्या भोंग्याला डुकरे सरावली, तिथे मात्र न येणाऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष करायला ती शिकली. कोल्ह्याचे शिकणे याहून वेगाने होते, कारण त्याच्या चुकीची किंमत जिवाची असते.

बंदूक बाजूला ठेवली, तर हेच तंत्र गणनेसाठी उपयोगी पडते. आफ्रिकेत सिंह आणि तरसांची संख्या काढताना रेडकाच्या किंकाळ्या किंवा तरसांचे आवाज मोठ्या स्पीकरवर वाजवून किती प्राणी येतात, ते मोजतात. कॅनडातल्या अल्गॉन्किन उद्यानात डग्लस पिमलॉट यांनी १९५९ पासून लांडग्यांच्या ओरडण्याची ध्वनिमुद्रणे वाजवून कळपांचा ठावठिकाणा शोधला. महाराष्ट्रातल्या लांडग्यांच्या आवाजाचा अभ्यास भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी केला असून २०१९ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार आपल्या लांडग्याची लांब ओरड सरासरी ५ सेकंदांची आणि ४२० हर्ट्झच्या आसपासची असते. लांडग्याच्या ओरडीवर लांडगे उत्तर देतात, जवळ येतीलच असे नाही; त्यामुळे इथे नाकाची परीक्षा टळते आणि उत्तर देणाऱ्या गळ्यांवरून कळपाचा अंदाज बांधता येतो. वाघासारखे अंगावरच्या पट्ट्यांवरून लांडगे ओळखता येत नाहीत आणि सगळे लांडगे कॅमेऱ्यात सारखेच दिसतात, त्यामुळे मराठवाड्यासारख्या प्रदेशात या पद्धतीला महत्त्व आहे. अर्थात, अशा कामालाही वनविभागाची परवानगी लागते, आणि विणीच्या हंगामात बिळाजवळ परक्या लांडग्याचा आवाज वाजवणे म्हणजे पिलांच्या आईबापांना विनाकारण वेठीस धरणे आहे. हौशी छायाचित्रकारांनी मोबाइलवर आवाज वाजवून कोल्हे बोलावण्याचा नाद सोडावा, असे मला स्पष्टपणे वाटते.

इलेक्ट्रॉनिक डिकॉयचा सर्वांत भरवशाचा वापर मात्र प्राण्यांवर होत नाही. अमेरिकेतील वन्यजीव अधिकारी भुशाने भरलेल्या हरणाच्या कातड्यात मोटर बसवून ते रस्त्याकडेच्या शेतात उभे करतात आणि झाडीत लपून रिमोटने त्याची मान व शेपूट हलवतात. बंदीच्या काळात किंवा रात्री गाडी थांबवून कोणी त्यावर गोळी झाडली की चोरटा शिकारी जागच्या जागी पकडला जातो. या हरणाला ना आवाज असतो ना वास, आणि गाडीच्या खिडकीतून नेम धरणारा त्याच्या वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन हुंगून पाहत नाही.