वॉरंटी यंत्राची असते, बुडालेल्या धंद्याची नव्हे
वर्कशॉपपासून बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजपर्यंत एक समज पक्का बसलेला आहे: कॉम्प्रेसर वॉरंटीत असताना बंद पडला, तर आत खराब झालेल्या मालाचे पैसेही कंपनीच भरते. सहसा भरत नाही. कोटेशनच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं: सदोष भाग दुरुस्त करू किंवा बदलून देऊ, काम ठप्प होणं, नफा बुडणं, माल नासणं याला आम्ही जबाबदार नाही. आपण वाचतो ती पुढची बाजू, डिस्काउंटची.

‘पण कायदा आहे ना?’ आहे की. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७३. करारभंगातून ओघानेच होणारं, किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेलं नुकसान भरून मिळतं. लांबचं, अप्रत्यक्ष नाही. यामागे १८५४ चा एक इंग्लिश निकाल आहे. ग्लॉस्टरच्या पिठाच्या गिरणीचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, मोडला. नव्यासाठी नमुना म्हणून तो ग्रिनिचला धाडला, तर वाहतूकदाराने उशीर केला. गिरणी बंद राहिली, तरी बुडालेला नफा त्याच्याकडून वसूल करता येईना. गिरणीत दुसरा शाफ्ट असूही शकला असता; तो नाही, हे त्याला काय माहीत!

ग्राहक आयोगाचं दारही धंद्याच्या यंत्राला बहुधा बंदच. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेलं यंत्र तेवढं अपवाद.

तेव्हा घासाघीस किमतीवरच संपवू नका. ‘४८ तासांत दुरुस्ती, नाहीतर दिवसाला अमुक रुपये’ हे पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या. कोल्ड स्टोरेजमधल्या मालाचा विमा वेगळा मिळतो.