पिंपात दडलेलं यीस्ट

रेड वाइनचा ग्लास नाकाशी नेला आणि फळांच्या वासाऐवजी घोड्यांच्या तबेल्याचा किंवा जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास आला, तर बहुधा ब्रेटानोमायसिस तिथे मुक्काम करून गेलेलं असतं. वाइनवाले त्याला नुसतं ‘ब्रेट’ म्हणतात.

या यीस्टला नाव मिळालं ते बिअरमुळे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतले शास्त्रज्ञ क्लाउसन यांनी 1904 साली इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमध्ये ते दाखवून दिलं. नावाचा अर्थच ‘ब्रिटिश बुरशी’. त्या बिअरची खास चव याच यीस्टची, असं त्यांचं म्हणणं होतं. बेल्जियमच्या लॅम्बिक बिअरमध्ये आजही त्याला मान आहे.

वाइनमध्ये मात्र ते घात करतं, तेही फार सावकाश. द्राक्षरस आंबवणारं नेहमीचं यीस्ट, सॅकरोमायसिस, साखर फस्त करून थंडावतं, तेव्हा ब्रेटची पाळी येते. लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहून कमी साखर उरली तरी त्याचं भागतं. मद्यार्काचं त्याला फारसं भय नाही. ओकच्या पिंपाच्या लाकडात ते 8 मिलिमीटर आतपर्यंत सापडलं आहे. पिंप कितीही घासून धुवा, पाणी तेवढं खोल पोचत नाही. पुढच्या वर्षीची वाइन भरली की ब्रेट पुन्हा जागं होतं.

आता तो वास. द्राक्षांत कूमॅरिक आम्ल असतं, त्याला स्वतःला वास नाही. ब्रेटचं एक विकर त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि व्हिनाइलफिनॉल तयार होतं. हे काम इतर काही यीस्टनाही जमतं. पण पुढे त्याला हायड्रोजन जोडून इथाइलफिनॉल बनवणं, हे वाइनमध्ये जवळजवळ एकट्या ब्रेटचंच कसब. तबेल्याचा वास तो हाच. फेरुलिक आम्लापासून याच वाटेने धुरकट, लवंगेसारखा वास तयार होतो. फ्रेंच वाइनशास्त्रज्ञ पास्काल शातोने यांनी 1990च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनवर काम करून हा गुन्हेगार पक्का केला. या दोन वासांचं मिश्रण लिटरमागे साधारण 0.4 मिलिग्रॅम झालं की नाकाला कळतं. म्हणजे 225 लिटरचं अख्खं पिंप बिघडायला 100 मिलिग्रॅमही लागत नाहीत!

थोडं ब्रेट म्हणजे वाइनचं व्यक्तिमत्त्व, असं मानणारे रसिक आहेत. मला ते पटत नाही. वर्षभर वेलीची निगा राखून द्राक्षात उतरवलेला वास त्याखाली दबून जातो, आणि वेगवेगळ्या मळ्यांच्या वाइन एकसारख्या वाटू लागतात.

उपाय म्हणून सल्फर डायऑक्साइड घालतात. त्याची खरी मदार आम्लतेवर. पीएच 3.4 असेल तर मोकळ्या (वाइनमधल्या इतर घटकांशी न जोडलेल्या) सल्फर डायऑक्साइडपैकी अडीच टक्के भाग जंतुनाशक रूपात असतो, पीएच 3.8 झाला की जेमतेम एक टक्का. तेवढाच परिणाम हवा तर मात्रा अडीचपट लागते. उन्हात द्राक्षं जास्त पिकली की आम्लता घटते, म्हणजे पीएच वाढतो. म्हणून नाशिकसारख्या उष्ण भागातल्या वाइनरीत तोडणीचा दिवस ठरवताना साखरेइतकंच पीएचकडेही लक्ष ठेवावं लागतं.